आधी कागद, मग आकडा

मंजुळाने चेंबरचं झाकण वर ओढलं, कमरेत वाकून आत डोकं घातलं आणि खालची तबकडी पुसायला हात पुढे केला, तोच तिला कापराचा वास आला.

ती थांबली. पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. दिवाळी तोंडावर आलेली, कोलशेतच्या त्या लहानशा कारखान्यात झाडलोट चाललेली. कुणी काही लावलं असेल म्हणून तिने डोकं बाहेर काढलं. बाहेर ग्रीसचा आणि भिंतीपलीकडच्या खाडीचा रोजचाच वास होता. कापूर आतच होता. तिने बॅटरी घेतली आणि तबकडीखालच्या कंगोऱ्यावरून बोट फिरवलं. बोटाला एक मेणचट पांढरा कण लागला, आणि त्याला चिकटलेलं कुंकू.

हे चेंबर म्हणजे हंड्याएवढं पोलादी भांडं. आत समोरासमोर दोन तबकड्या. पंपाने हवा काढून टाकायची, त्या जागी चिमूटभर आरगॉन वायू सोडायचा आणि तबकड्यांना रेडिओच्या जातीची वीज द्यायची, म्हणजे सेकंदाला कोटीवर वेळा दिशा बदलणारी. व्होल्ट वाढवत नेले की एका ठिकाणी आतला वायू पेटतो आणि काचेच्या झरोक्यातून जांभळट उजेड दिसायला लागतो. कुठल्या दाबाला किती व्होल्टवर पेटतो, हे मोजणं मंजुळाचं काम. अशा भांड्यात बोटाचा ठसा राहिला तरी आकडे बिघडतात. इथे तर देवघरच निघालं होतं.

तिने शिवरामला हाक मारली. शिवराम कारखान्यातला सगळ्यात जुना फिटर. मंजुळाला ती परकर घालून खाडीवर हिंडायची तेव्हापासून ओळखणारा. बोटावरचा कण पाहून त्याने आधी कान खाजवला आणि मग सगळं सांगून टाकलं. खंडेनवमीला ताई सासूबाईंना घेऊन टेंभी नाक्यावर देवीला गेलेल्या. इकडे लेथला, ड्रिलला, पंपाला सगळ्यांना हळदकुंकू झालं आणि मग या चेंबरची पाळी आली.

"बाहेरून काय ताई, नुसता लोखंडाचा डबा. उजेड पडतो तो आत. मग पूजा बाहेर करून पोचणार कशी?"

तबकडीवर त्याने कापराची वडी लावली होती, नमस्कार केला होता, आणि नंतर सगळं स्पिरिटने लख्ख पुसूनही घेतलं होतं. एक तुकडा खाली घरंगळला तेवढा त्याच्या नजरेतून सुटला. आता ताई काय बोलतात म्हणून तो उभा राहिला. पण मंजुळाला रागवायला जमलं नाही. ती याच खाडीवरच्या कोळ्यांची पोर. होडीला कुंकू लावल्याशिवाय बापाने कधी जाळं उचललं नव्हतं. तिने फक्त बजावलं की पुढच्या वर्षी नारळ-फुलं काय ती झाकणावर, आणि दोघांनी मिळून चेंबर उकलायला घेतलं.

खरं सांगायचं तर तिला बरंच वाटत होतं. दसऱ्यानंतर घेतलेल्या आकड्यांनी त्या दिवशी तिला बुचकळ्यात टाकलं होतं. दाब आणि व्होल्ट यांची रेघ काढली की ती एरवी सुरेख वळण घेऊन जाते; या वेळी मात्र मध्येच तिला एक खळगा पडला होता. त्या दाबांना वायू नको तितक्या लवकर पेटत होता. कापराची वाफ आरगॉनमध्ये मिसळली तर असंच होणार, हे तिला आता कुणी सांगायला नको होतं. तिने रबराच्या कड्या बदलल्या, भांडं तापवून आतली हवा काढायला पंपावर टाकलं, आणि आतलं सगळं निघून गेल्याची खात्री झाल्यावर तीच वाचनं पुन्हा घेऊन या वेळी वहीतच टिपली. खळगा गेला होता. रेघ शहाण्या मुलीसारखी सरळ वळणाने गेली.

"सुटलं बाबा कोडं," असं म्हणत ती हात धुवायला नळावर गेली. साबणाचा फेस मनगटापर्यंत आला असताना, इतका वेळ कामाच्या नादात न आठवलेलं, तिच्या डोळ्यांसमोर तिच्या डोंबिवलीच्या घरातलं स्वयंपाकघराचं कपाट उभं राहिलं. त्या कपाटाच्या दारावर मधुने स्वतःच्या हाताने चिकटवलेला कागद होता. त्या कागदावर मधुच्या गणिताने काढलेली रेघ होती. आणि त्या रेघेला नेमक्या त्याच जागी खळगा होता.

नळ वाहत राहिला. गणितात तर कुणी कापूर लावला नव्हता.

*

मधु तिचा नवरा. एम.एस्सी.ला दोघं एका वर्गात होते. ती कोळ्याची, तो सरस्वतीबाईंचा एकुलता एक. दोन्हीकडून व्हायची ती आदळआपट झाली आणि शेवटी लग्न झालं. लग्नाआधी सरस्वतीबाई कोलशेतला आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना मधुची ती गोष्ट सांगितली. ती त्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. चौथीत असताना बाईंनी बेरीज चुकून मधुला गणितात एक मार्क जास्त दिला. त्या मार्काने तो वर्गात पहिला आला होता. पोरगा पेपर घेऊन उठला आणि म्हणाला, बाई, हा मार्क माझा नाही. दुसरा आला, पण घरी हसत आला.

मंजुळाला ही गोष्ट फार आवडली होती. खोटं कशाला, त्या गोष्टीशीच तिने लग्न केलं म्हणा ना. तिच्या आईने, आवडाबाईने मात्र पाहुणे गेल्यावर पाटावर बसल्या बसल्या तोंड वाकडं केलं होतं.

"गावलेला मासा परत पान्यान सोरला, म्हंजे मानूस चांगला असं नाय गो. तवा त्याला भूक नसल लागली."

आईचं बोलणं मासे विकून विकून असंच खारट झालंय, असं म्हणून मंजुळाने ते सोडून दिलं.

मधु कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायचा. मंजुळा रतनशेठच्या कारखान्यात लागली. रतनशेठ मोटारींच्या दिव्यांच्या आतल्या चकचकीत वाट्या बनवायचा. त्या वाट्यांवर टिकाऊ पारदर्शक थर द्यायचा तर तो अशा पेटलेल्या वायूतच देता येतो, आणि त्यासाठी चेंबर पाण्याच्या टाकीएवढं हवं. एकदम टाकीएवढं बनवून ते चाललं नाही तर कारखाना झोपणार. म्हणून आधी हे हंड्याएवढं.

आता लहानाचं मोठं करताना काय काय किती पटीने बदलायचं, याचा नियम आहे. आवडाबाई सांगायची की चौघांच्या कालवणाचं लग्नाचं कालवण करताना सगळंच सारखं वाढवून चालत नाही. पाणी वेगळ्या मापाने वाढतं, मीठ वेगळ्या, आणि जाळही त्याच्या हिशेबाने ठेवावा लागतो. इथेही तसंच. तबकड्यांमधलं अंतर तिप्पट केलं तर वायूचा दाब तिसऱ्या हिश्श्यावर आणायचा आणि विजेची वारंवारताही तिसऱ्या हिश्श्यावर आणायची, मग मोठ्या भांड्यातला उजेड लहान भांड्यातल्या उजेडाचा सख्खा भाऊ निघतो. अडचण एवढीच की वारंवारता यांच्या हातात नव्हती. कारखान्यांना परवानगी असलेली वारंवारता एकच, आणि वीज देणारं यंत्रही त्याच एका वारंवारतेचं मिळतं. पातेलं बदलता येतं पण चुलीचा जाळ नाही, अशी गत. नियमाचा एक पाय लंगडा म्हटल्यावर मोठ्या चेंबरमध्ये काय होईल ते कागदावरच्या सूत्राने सांगता येईना. ते संगणकात हजारो खोटे इलेक्ट्रॉन धावायला लावून, एकेकाची गत मोजूनच बघावं लागणार होतं. ते काम मधुने घेतलं. रतनशेठने ऑफिसातला संगणक उचलून त्यांच्या घरी पाठवला.

तेव्हा मधुनेच एक नियम घातला होता. चेंबरचे आकडे मंजुळाने घरात उच्चारायचे नाहीत. त्याचं गणित पुरं झालं की तो त्याची रेघ कागदावर काढणार आणि तो कागद भाताच्या खळीने कपाटाच्या दारावर चिकटवणार. त्यानंतरच तिने तांबडी पेन्सिल घेऊन आपले ठिपके त्यावर लावायचे. आधी कागद, मग आकडा. आकडा आधी कळला की गणित लाचार होतं, असं तो म्हणायचा. हे वाक्य तो म्हणायचा तेव्हा मंजुळाला त्याच्या चेहऱ्यावर तो चौथीतला मुलगा दिसायचा.

पहिलं वर्ष वाईट गेलं. रेघ एकीकडे, ठिपके भलतीकडे. मधु जेवणावरून उठून जायचा; मार्गदर्शकांनी त्याला एकदा चारचौघांत ऐकवलं होतं की तुमचे इलेक्ट्रॉन डोंबिवलीच्या वीजपुरवठ्यासारखे वागतात. मग दुसऱ्या साली गणपतीनंतर काहीतरी जमलं. ठिपके रेघेवर बसायला लागले. एकदा बसले, दुसऱ्यांदा बसले, आणि दसऱ्यानंतर तर कमाल झाली. मंजुळा खळग्याचे आकडे पोटात घेऊन घरी गेली होती, कुणाला बोलायची चोरी. आणि कपाटावर पाहते तो मधुच्या रेघेला तोच खळगा. त्या दाबाला इलेक्ट्रॉन तबकड्यांच्या मधोमध कसे अडकून राहतात आणि म्हणून वायू लवकर कसा पेटतो, हे त्याने तिला समजावून सांगितलं होतं. तिने हसत हसत ठिपके लावले होते. आपण ज्याच्याशी लग्न केलं त्याला न बघता दिसतं, असं तिला वाटलं होतं. तिने रतनशेठला जाऊन छातीठोकपणे सांगितलं की गणित आम्हाला आधी सांगतं आणि चेंबर नंतर. आता मोठं चेंबर करायला हरकत नाही. रतनशेठ विज्ञानातलं काही समजणारा माणूस नव्हता. मंजुळाचा शब्द समजायचा. त्याने पोलाद मागवलं.

*

दिवाळीच्या सुट्टीत मंजुळा चकल्या तळत होती आणि समोर तो कागद होता.

चांगल्या माणसाच्या वागण्याला चांगलं कारण असतं, हा तिचा स्वभाव. तिने सगळी कारणं शोधली. कदाचित तो खळगा खराच असेल आणि कापराचा योगायोग असेल. पण मग कापूर काढल्यावर तो गेला कसा? कदाचित आपणच झोपेत, बोलण्याच्या ओघात काही बोलून गेलो असू. पण ती असली बडबडी नव्हती, आणि चेंबरच्या बाबतीत तर तिने वर्षभर तोंडाला कुलूप लावलं होतं. कदाचित गणितातच काही चूक असेल आणि ती चूक नेमकी त्या जागी पडली असेल. हे तिला जरा पटण्यासारखं वाटलं. मग तिने झाऱ्यातली चकली निथळली आणि तिला स्वतःचीच कीव आली.

मधुला विचारणं अगदी सोपं होतं. तो दोन हातांवर बाहेरच्या खोलीत आकाशकंदिलाला झिरमिळ्या चिकटवत होता. पण विचारायचं म्हणजे तू चोरी केलीस का असं विचारायचं, आणि केली नसेल तर मग आयुष्यभर आपण त्याला तसं विचारलं हे दोघांच्यामध्ये राहणार. तिने विचारलं नाही.

पाडव्याला सरस्वतीबाईंनी पाट मांडला, रांगोळी घातली. मंजुळाने निरांजनाचं तबक घेऊन मधुला ओवाळलं. तो पाटावर नव्या सदऱ्यात बसला होता, कपाळाला कुंकू, तोंडभर हसू. परिषदेत निबंध वाचायचं बोलावणं आलं होतं आणि मार्गदर्शक आता त्याला खांद्यावर हात ठेवून बोलायला लागले होते. तबकातल्या कापराचा वास आला तशी मंजुळाची नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या कपाटाकडे गेली आणि ओवाळायचा हात मध्येच थांबला. सरस्वतीबाई म्हणाल्या, अगं, फेरा अर्धा राहिला. तिने तो पुरा केला.

सुट्टी संपून ती कारखान्यात गेली त्याच दुपारी शिवरामने सहज सांगितलं की ताई जेवायला गेल्या होत्या तेव्हा साहेबांचा फोन येऊन गेला.

"कुठल्या साहेबांचा?"

"आपल्या साहेबांचा. डोंबिवलीचा. येतो की ते नेहमी, तुम्ही जेवायला गेल्या की."

काय म्हणाले, असं तिने विचारलं. काय नाय, काम कसं चाललंय तेवढंच, असं शिवराम म्हणाला, आणि बोलता बोलता त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे फळा होता. दाब दाखवणाऱ्या गेजसमोर उभं राहून मंजुळा जी वाचनं घ्यायची ती खडूने त्याच फळ्यावर मांडायची, सगळ्यांना दिसतील अशी. फोन त्याच्या अगदी समोर, टेबलावर होता. शिवरामला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. बाईचं काम नवऱ्याला कळलं तर त्यात काय वाईट?

मंजुळाने पुढे काही विचारलं नाही. तू फोनवर नक्की काय काय वाचून दाखवलंस, असं फिटरला विचारणं म्हणजे आपल्या नवऱ्याला त्याच्यासमोर उभं करणं. तेवढं तिच्याने होईना. पण तिला आता रतनशेठच्या पोलादाकडे बघवेना. सोमवारी ते कापायला जाणार होतं. एकदा कापलं की कापलं. ती केबिनमध्ये गेली आणि सोमवारी सकाळी मी येईपर्यंत पत्र्याला हात लावू नका, एवढंच बोलली. रतनशेठने कारण विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. तबकड्यांमधलं अंतर वाढवून घ्यायच्या नव्या वाचनांची त्या आठवड्यात पाळी होती, आणि मधुचं त्याच अंतराचं गणित घरी संगणकावर चालू होतं. तिने पंप सुरू केला नाही. वायूची टाकी उघडली नाही. खडू घेतला आणि फळ्यावर आकडे मांडले. नुसते मनाचे. सुरुवातीचे आणि शेवटचे तिने पुस्तकात शोभतील असे लिहिले. मधल्या दाबांना मात्र एक उंचवटा ठेवला. जिथे वायू सुखाने पेटायला हवा तिथे तो हट्टाने पेटत नाही, असा. जगातला कुठलाही स्वच्छ आरगॉन असा वागणार नाही. मधु जर तिचा मधु असेल तर त्याचं गणित या उंचवट्याच्या वाटेला जाणारच नाही. आणि फोनवर कळलं तरी तो म्हणेल, मंजू, तुझं काहीतरी चुकलंय. त्याने असं म्हणावं म्हणून तिने देवीला नारळ बोलला, टेंभी नाक्याच्याच.

शिवराम आला, त्याने फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, वा, ताईंचं झालंसुद्धा. मंजुळाने मान हलवली. या सरळ माणसाला आपण फसवलं, याची तिला मधुवरच्या संशयापेक्षा जास्त लाज वाटली. दुपारी ती डबा घेऊन खाडीच्या बाजूला जाऊन बसली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बसली.

*

रविवारी सकाळी मधुने वाटीत भाताची खळ केली. बाहेरच्या खोलीत शेजारच्या रंगूबाई फराळाचं ताट परत करायला आल्या होत्या आणि सरस्वतीबाईंच्या तावडीत सापडल्या होत्या. मधुने आदल्या कागदाच्या शेजारी नवा कागद लावला, तळहाताने चारी कोपरे दाबले आणि तो बाजूला झाला.

मंजुळा ओट्याला टेकून उभी होती. तिने ताबडतोब पाहिलं नाही. आधी त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटांना खळ लागलेली, नखं स्वच्छ कापलेली. मग पाहिलं.

उंचवटा होता. जिथे तिने ठेवला होता तिथेच, जेवढा ठेवला होता जवळपास तेवढाच. अगदी तंतोतंत नाही. थोडा इकडेतिकडे, खरा वाटेल इतका.

"गंमत बघ," मधु म्हणाला आणि पेन्सिलच्या टोकाने दाखवू लागला. अंतर वाढलं की या दाबाला इलेक्ट्रॉनांना पलीकडच्या तबकडीपर्यंत पोचायला वेळच पुरत नाही. अर्ध्या वाटेत विजेची दिशा बदलते आणि ते माघारी फिरतात. या येरझारीत त्यांची सगळी शक्ती वायूला नुसते धक्के मारण्यात जाते, म्हणून तो पेटायला जास्त व्होल्ट मागतो. त्याला आधी स्वतःलाच पटलं नव्हतं, त्याने पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, पण गणित आपल्या मतावर ठाम होतं. तो फार छान समजावत होता. कॉलेजात त्याच्या तासाला बाहेरची मुलं येऊन बसत ती उगाच नाही. आपणच ते आकडे मनाने लिहिलेत हे ठाऊक नसतं तर आपल्यालाही पटलं असतं, हे मंजुळाला कळत होतं; आणि दसऱ्यानंतर आपल्याला किती चटकन पटलं होतं, हेही. तेव्हा आपण हसत हसत ठिपके लावले होते, ते तिला आठवलं. त्याने तिला फसवलं होतं, यापेक्षा तिच्याच आनंदाने फसवलं होतं, हे तिला सोसवेना.

बाहेर सरस्वतीबाईंची गोष्ट बेरजेच्या चुकीपर्यंत आली होती.

"चल," मधुने तांबडी पेन्सिल तिच्या हातात दिली. "लाव तुझे ठिपके."

मंजुळा कपाटापाशी गेली. पण नव्या कागदाकडे न वळता ती जुन्या कागदासमोर उभी राहिली, खळग्याच्या. तिथे तिचे आधीचे ठिपके रेघेवर बसलेले होतेच. तिने त्यांच्या वर, रेघ सोडून, एकेक करून नवे ठिपके लावले. खळग्याच्या तोंडावरून ते सरळ वळणाने पलीकडे गेले.

"हे काय?"

"कापूर काढल्यावरचे आहेत," ती म्हणाली. "खंडेनवमीला शिवरामने चेंबरच्या आत कापूर लावला होता. खळगा त्याचा होता."

मधुने जुना कागद पाहिला, मग नवा पाहिला. त्याच्या कपाळावर अजून काही उमटलं नव्हतं. डोळे मात्र भराभर काहीतरी जुळवत होते, आणि ते काय जुळवताहेत हे तिला दिसत होतं. शेवटी तो जरा हसला. म्हणजे दसऱ्याचं गणित परत तपासायला हवं, असं काहीसं पुटपुटला आणि म्हणाला, "बरं, ते बघू. यावरचे तर लाव."

"त्यावर लावायला माझ्याकडे काही नाही."

"म्हणजे? वाचन घेतलंस ना तू परवा?"

"कुणी सांगितलं तुला?"

मंजुळाने पेन्सिल कपाटावर, त्याच्या खळीच्या वाटीशेजारी ठेवली.

"मी ते वाचन अजून घेतलंच नाही, मधु. पंप बंद होता. फळ्यावर मी नुसतं लिहिलं होतं."

ती वाट पाहत राहिली. तो रागावला असता, रडला असता, तुझ्याच चेंबरसाठी केलं म्हणाला असता तरी तिने ऐकून घेतलं असतं. आपण कुठल्या उत्तराची वाट पाहतोय हे तिला त्या क्षणी नीटसं ठाऊकही नव्हतं. त्याने खळीचा हात सदऱ्याला पुसला.

"रतनशेठला बोललीस?" त्याने विचारलं.

"उद्या."

बाहेर सरस्वतीबाई त्यांच्या आवडत्या जागी पोचल्या होत्या. पोरगं उठून उभं राहिलं हो, रंगूबाई, एवढंसं पोरगं, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणतं कसं...

मधुने दोन पावलं पुढे जाऊन स्वयंपाकघराचं दार हलकेच लोटून घेतलं.